सुखरूप पैलतीर

नदीला पूल नसला म्हणजे काय हाल होतात, ते आम्ही तुम्हाला सांगायला नको. पावसाळ्यात मुलांची शाळा बुडते. आठवड्याचा बाजार बुडतो. एखादी बाळंतीण अडली, तर तिला पलीकडच्या दवाखान्यात नेता येत नाही. फरशी पूल असला तरी काय? चार तास जोराचा पाऊस झाला की तो पाण्याखाली जातो. मग दोन्ही काठांवर माणसे ताटकळत बसतात. अलीकडची माणसे पलीकडे बघतात, पलीकडची अलीकडे.

अशीच एक नदी चीन देशात आहे. तिचे नाव श्याओ. नदी काही फार मोठी नाही. एरवी ती संथ वाहते. पण पावसाळ्यात डोंगरातून पाण्याचा लोंढा आला की तिचा अवतार बदलतो. त्या नदीवर एक दगडी पूल आहे. तो बांधून पुरा झाला इसवी सन ६०५ च्या सुमारास. म्हणजे त्याला चौदाशे वर्षांहून जास्त काळ झाला. शिवाजी महाराजांचा जन्म झाला १६३० साली. त्या वेळी हा पूल हजार वर्षांचा जुना होता. आणि तो आजही उभा आहे!

पूल आहे चाओचौ या गावाजवळ. नाव आपल्या जिभेला नवे आहे. तोडून वाचा : चा-ओ-चौ. चीनची राजधानी बीजिंग. तिच्या दक्षिणेला सुमारे तीनशे किलोमीटरवर हा मुलूख येतो. सपाट, काळजीपूर्वक कसलेली जमीन. गहू, मका आणि नासपतीच्या बागा. गावचे लोक पुलाला साधेच नाव देतात : ‘मोठा दगडी पूल’. पण त्याचे खरे नाव ‘आन्-ची’. त्याचा अर्थ आहे सुखरूप पैलतीर गाठणे. पुलाला याहून चांगले नाव आम्हाला तरी सुचत नाही.

आता हा पूल एवढा का टिकला, ते नीट समजून घेऊ. घाई करू नका. हा भाग दोनदा वाचा.

खांब नसलेला पूल

तुम्ही पाहिलेल्या बहुतेक पुलांना नदीच्या पात्रात खांब असतात. खांब घातले म्हणजे काम सोपे होते. पण खांबाला एक शत्रू असतो. तो म्हणजे खालची वाळू नेणारे पाणी. ओढ्याच्या वाहत्या पाण्यात तुम्ही उभे राहिला असाल. पायाला पाणी अडते, भोवरा होतो, आणि टाचेखालची वाळू हळूच सरकते. थोडा वेळ तसेच उभे राहा, पाय खाली खचतो. पुलाच्या खांबाचे तसेच होते. वरून खांब धड दिसतो. खालून त्याचा पाया उघडा पडत असतो.

आपल्याकडचे उदाहरण पुष्कळांना आठवत असेल. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा पूल पुरात कोसळला. तो इंग्रजांच्या काळातला दगडी कमानींचा पूल होता. दोन एस.टी. गाड्या आणि इतर वाहने अंधारात पाण्यात गेली. चाळीसच्या आसपास माणसे दगावली. दगडी आहे, जुना आहे, म्हणजे भक्कमच असणार, असे धरून चालू नये. जुन्या पुलाची तब्येत दर पावसाळ्याआधी बघावी लागते. म्हाताऱ्या माणसाची बघतो तशीच.

चाओचौच्या पुलाला पात्रात एकही खांब नाही. या काठावरून त्या काठावर एकच कमान टाकली आहे. ती ३७ मीटर लांबीची आहे. एक हात म्हणजे दीड फूट धरा. मग ही कमान ८० हातांची झाली. मध्ये कुठे टेकू नाही. पुराचे पाणी आले तर त्याला अडवायला पात्रात काही नाही, आणि त्याला उकरायलाही काही नाही.

पण मग एवढा दगड अधांतरी राहिला कसा?

कमान कशी उभी राहते

दगडाचा स्वभाव आधी ओळखा. दगडावर कितीही ओझे ठेवा, तो दबत नाही. पण लांब शिळा दोन टोकांना टेकवून मध्ये भार दिला, तर ती तडकते. जुन्या घराच्या दारावरची लांब शिळा मधोमध चिरलेली तुम्ही पाहिली असेल. म्हणजे दगड दाब सोसतो, वाकणे सोसत नाही. कमानीची युक्ती एवढीच आहे की तिच्यात कोणताही दगड वाकत नाही. सगळे दगड फक्त एकमेकांना दाबतात.

यासाठी दगड पाचरीसारखे घडवतात. वर रुंद, खाली अरुंद. असे दगड ओळीने बसवले की प्रत्येक दगड खाली पडू पाहतो, आणि शेजारचे दोघे त्याला चिमटीत धरतात. वरून गाडी गेली की चिमटी आणखी घट्ट होते. गावच्या वेशीची कमान, जुन्या मोटेच्या विहिरीची कमान, सगळ्यांची युक्ती हीच.

एक प्रयोग वर्गातच करून पाहा. दोघे जण समोरासमोर दोन पावलांच्या अंतरावर उभे राहा. हात पुढे करून तळव्याला तळवा लावा. आता दोघेही पुढे झुका. पडता का? नाही. एकमेकांना तोलून धरता. ही झाली कमान. पण पायांकडे लक्ष द्या. पाय मागे सटकू पाहतात. फरशी गुळगुळीत असेल तर सटकतातही. आता तिसऱ्या आणि चौथ्या माणसाने मागून आपला पाय तुमच्या टाचेला लावावा. झाले, कमान पक्की झाली. पुलाचे दोन्ही काठ म्हणजे हे तिसरे आणि चौथे गडी. (बायकांच्या वर्गात हा प्रयोग फार छान होतो. पुरुषांच्या वर्गात मस्करीच जास्त होते.)

कमान जितकी उंच, तितका काठावरचा हा रेटा कमी. कमान जितकी बसकी, तितका रेटा जास्त. प्रयोगातच बघा. एकमेकांपासून आणखी लांब उभे राहून झुकलात, तर पाय जास्त जोराने सटकतात.

म्हणून जुने कारागीर कमान अर्धगोल करत. त्यात धोका कमी. पण ३७ मीटरची अर्धगोल कमान केली असती, तर तिची उंची झाली असती साडेअठरा मीटर. म्हणजे सहा मजली घराएवढी. गाडीवानाने बैलांना एका बाजूने तेवढे चढवायचे आणि दुसऱ्या बाजूने उतरवायचे! ओझ्याची गाडी अशा पुलावर नेणार कोण? पूल असून नसल्यासारखाच.

इथे त्या कारागिराने धाडस केले. त्याने कमान बसकी केली. ३७ मीटर लांब, पण उंची अवघी सव्वासात मीटर. चढ इतका सौम्य की गाड्या सहज जाव्यात. काठावरचा रेटा मात्र फार वाढला. तो रेटा सोसायला त्याने काठाला दगडी चौथरे बांधले आणि घट्ट चिकणमातीच्या थरावर ते टेकवले. पाया फार खोल नाही. तरी चौदाशे वर्षांत तो म्हणण्यासारखा खचला नाही. याचा अर्थ जमीन निवडतानाच त्याने पुष्कळ विचार केला होता. जागा कुठली घ्यायची, हे ज्याला कळले, त्याचे अर्धे काम झाले. विहीर खणणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

चार झरोके

कमान आणि वरचा रस्ता यांच्यामध्ये दोन्ही टोकांना मोकळी जागा उरते. ती जागा सहसा दगडमातीने भरून काढतात. या कारागिराने ती भरली नाही. तिथे त्याने लहान कमानी ठेवल्या. या टोकाला दोन, त्या टोकाला दोन. लांबून पाहिले की मोठ्या कमानीच्या खांद्यावर चार झरोके दिसतात.

दिसायला ते सुंदर आहेतच. पण ते नुसते शोभेचे नाहीत. एक म्हणजे शेकडो टन दगड वाचला. तेवढा भार कमानीवरून उतरला आणि काठावरचा रेटाही कमी झाला. दुसरे म्हणजे, महापूर आला आणि पाणी मोठ्या कमानीच्या खांद्यापर्यंत चढले, तर ते या झरोक्यांतून निघून जाते. भिंत असती, तर पुराने पुलाला धक्का दिला असता. झरोका असल्यामुळे पूल पाण्याला वाट देतो. वाट दिली म्हणून पाणी त्याला इजा न करता पुढे जाते.

डमरूच्या खिळा

एवढी मोठी कमान एकसंध बांधायची, तर तिच्याखाली तेवढेच मोठे सेंटरिंग लागते. घराचा स्लॅब टाकताना आपण बघतो ना, तसे. ३७ मीटर लांब आणि ९ मीटरहून रुंद! सगळे जंगल त्यात गेले असते. मध्येच पूर आला असता, तर सगळे वाहून गेले असते.

म्हणून कमान पट्ट्यापट्ट्यांनी बांधली. एकेक पट्टी हातभरापेक्षाही कमी रुंद. अशा २८ पट्ट्या शेजारी शेजारी. एका पट्टीपुरते अरुंद सेंटरिंग लावायचे. पट्टी पुरी झाली की ते बाजूला सरकवायचे आणि दुसरी पट्टी घ्यायची. एकेका दगडाचे वजन एका टनाच्या आसपास. तो चढवणे हे पाथरवटांचे आणि हमालांचे काम. ज्यांनी दगड फोडण्याचे, घडवण्याचे काम केले आहे, त्यांना टनभर दगडाचा अर्थ कळेल.

या पद्धतीचा आणखी एक फायदा पुढे दिसून आला. एखादी पट्टी ढासळली तरी बाकीच्या उभ्या राहतात. पण खोटही आहे. सुट्या पट्ट्या बाहेरच्या अंगाला कलंडू शकतात. वहीची पाने सुटी होतात तशा. त्यावर कारागिराने तीन उपाय केले. दगडाला दगड जोडायला त्याने लोखंडाच्या खिळा बसवल्या. त्यांचा आकार आपल्या डमरूसारखा आहे : दोन्ही टोकांना रुंद, मध्ये चिंचोळा. दोन दगडांत तशीच खाच कोरायची आणि त्यात ही खीळ बसवायची. दगड एकमेकांपासून सुटत नाहीत. शिवाय आरपार लोखंडी गज घातले. आणि तिसरी गोष्ट फार बारकाईची. त्याने पूल पायाशी थोडा रुंद आणि मध्यावर थोडा अरुंद केला. फरक हातभराच्या आसपास. त्यामुळे पट्ट्या आतल्या बाजूला एकमेकींना टेकून राहिल्या.

देवांनी पुलाची परीक्षा घेतली ती गोष्ट

आता गोष्ट ऐका. चीनमधली लहान मुले ही गोष्ट आजीकडून ऐकतात.

लु बान हा सगळ्या गवंड्यांचा आणि सुतारांचा देव. आपल्याकडे विश्वकर्मा, तसा तो. हा पूल त्यानेच बांधला म्हणतात. पुलाची कीर्ती देवलोकात गेली. तेव्हा चांग को-लाओ नावाचा एक म्हातारा सिद्ध गाढवावर बसून तिथे आला. हा बाबा गाढवावर उलटा बसतो, शेपटीकडे तोंड करून. त्याच्याबरोबर दुसरा एक जण होता. तो एकचाकी ढकलगाडी लोटत होता. दोघांनी लु बानला विचारले, “काय रे, तुझा पूल आम्हा दोघांचा भार सोसेल का?”

लु बान हसला. म्हणाला, “हजारो गाड्या जातील यावरून. तुमचं एक गाढव आणि एक ढकलगाडी ती काय!”

दोघे पुलावर चढले. तो काय, पूल थरथरू लागला! म्हाताऱ्याने आपल्या पिशवीत सूर्य आणि चंद्र घालून आणले होते. दुसऱ्याच्या ढकलगाडीत मोठमोठे डोंगर होते. लु बान घाबरला. त्याने नदीत उडी टाकली आणि पुलाखाली जाऊन दोन्ही हातांनी कमान तोलून धरली. पूल वाचला. पण वर गाढवाच्या खुरांचे ठसे उमटले. चाकाची चाकोरी पडली. ढकलगाडीवाला धडपडला, त्याच्या गुडघ्याची खूण राहिली. आणि कमानीच्या खालच्या अंगाला लु बानच्या हातांचे ठसे राहिले.

अशा खुणा पुलावर होत्या, आणि त्या लोक एकमेकांना दाखवत. आता या खुणांबद्दल चिनी अभियंत्यांनी जे सांगितले, ते आम्हाला गोष्टीपेक्षाही आवडते. ते म्हणतात, खुणा पुलाच्या एका बाजूला ठरावीक जागी होत्या. त्या गाडीवानांना सांगत, की बाबांनो, याच्या बाहेर गाडी नेऊ नका, कडेची पट्टी कमजोर असते. आणि खालचा हाताचा ठसा? कमानीला पुढेमागे टेकू द्यायची वेळ आली, तर तो कुठे द्यायचा, याची ती खूण. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही नियम लक्षात राहावा, म्हणून तो गोष्टीत गुंफला. आपल्याकडेही अशा पुष्कळ गोष्टी असतील. त्या हसून सोडून देऊ नयेत.

ज्याने बांधला त्याचे नाव

गोष्टीत नाव लु बानचे. गुराख्यांच्या गाण्यात नाव लु बानचे. मग खरा कारागीर कोण? त्याचे नाव ली चुन. पूल झाल्यावर शंभराहून जास्त वर्षांनी चीनच्या एका मंत्र्याने पुलावर लेख लिहिला. त्यात त्याने लिहून ठेवले, की श्याओ नदीवरचा दगडी पूल ही ली चुन या कारागिराची करणी आहे. बस्स. ली चुनचा जन्म कुठला, त्याला बायकामुले होती का, पुढे त्याने काय केले, यातले काहीही इतिहासात उरलेले नाही. त्या मंत्र्याने एक ओळ लिहिली नसती, तर नावही उरले नसते.

आपल्याकडचेच बघा. गावचे जुने देऊळ कुणी बांधले म्हणून विचारले, की उत्तर ठरलेले : पांडवांनी एका रात्रीत बांधले. छिन्नीचा घाव घालून घालून ज्यांच्या हातांना घट्टे पडले, ज्यांच्या पिढ्या त्यात गेल्या, त्या पाथरवटांचे नाव कुणी घेत नाही. कारण त्यांना लिहिता येत नव्हते, आणि ज्यांना लिहिता येत होते त्यांना तसे लिहावेसे वाटले नाही. आम्ही इतकी वर्षे मुलांना इतिहास शिकवला. राजांच्या सनावळ्या त्यांच्याकडून घोकून घेतल्या. दगड घडवणाऱ्यांचा धडा पुस्तकात कधी आला नाही.

आपल्या महाराष्ट्राशीही या गावाचे एक नाते आहे. ह्युएन त्संग हा चिनी प्रवासी तुम्ही ऐकला असेल. ६४१ च्या सुमारास तो आपल्या मुलखात आला होता. तेव्हा इथे चालुक्यांचा राजा दुसरा पुलकेशी राज्य करत होता. महाराष्ट्राचे लोक मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असे त्याने लिहून ठेवले आहे. हा ह्युएन त्संग भारतात निघण्याआधी तरुणपणी चाओचौ गावी एका गुरूपाशी शिकायला गेला होता, असे त्याच्या चरित्रात आहे. पूल तेव्हा पंधरा-वीस वर्षांचा होता. म्हणजे नवाच!

पडझड आणि दुरुस्ती

पूल चौदाशे वर्षे टिकला, याचा अर्थ त्याला काही झाले नाही, असा नाही. महापूर आले. लढाया झाल्या. हिवाळ्यात तिकडे बर्फ पडते, दगडाच्या फटीत पाणी गोठते आणि दगड फुटतो. काळाच्या ओघात दोन्ही कडेच्या काही पट्ट्या नदीत ढासळल्या. मधल्या उभ्या राहिल्या, म्हणून पूल उभा राहिला. ज्या ज्या काळी राज्य धड होते, त्या त्या काळी लोकांनी डागडुजी केली.

१९३३ साली लिआंग सु-चेंग नावाचे विद्वान पूल पाहायला आले. जुन्या इमारतींचा अभ्यास हे त्यांचे जन्माचे काम. त्यांनी पुलाची इंच इंच मोजमापे घेतली, नकाशे काढले आणि जगाला हा पूल कळवला. तेव्हा पूल खिळखिळा झाला होता. पुढे १९५५ ते १९५८ या काळात त्याची मोठी दुरुस्ती झाली. नदीचा गाळ उपसला, तेव्हा ढासळलेले शेकडो दगड सापडले. त्यांत जुन्या कठड्याच्या कोरीव शिळाही निघाल्या. त्यांवर वेटोळे घातलेले, एकमेकांना भिडलेले ड्रॅगन आहेत. ड्रॅगन म्हणजे चिनी लोकांचा पाण्याचा, पावसाचा देव. आपल्याकडच्या नागासारखा म्हणा. हजार वर्षे चिखलात पडूनही त्यांची नखे शाबूत होती.

१९६१ च्या मार्चमध्ये चीन सरकारने देशातल्या मोलाच्या वास्तूंची पहिली यादी केली. तीत हा पूल घेतला. त्याच गावाजवळ या पुलाच्याच घाटणीचा दुसरा लहान पूल आहे, तोही घेतला. पुढे पाचच वर्षांनी, मार्च १९६६ मध्ये, जवळच भयंकर भूकंप झाला. आठ हजारांवर माणसे मेली. गावेच्या गावे भुईसपाट झाली. भूकंपाचा मध्य पुलापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर होता. पूल हलला असेल. पडला नाही. १९९१ साली अमेरिकेतल्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने जगातल्या मोलाच्या बांधकामांत त्याची गणना केली.

आता या पुलावरून मोटारी जात नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा रस्ता आहे. माणसे पायी जातात, कठड्यावर हात ठेवून पाणी बघतात.

पण एक गोष्ट राहिली, आणि आमच्या मते ती सगळ्यांत महत्त्वाची आहे. पन्नाशीतल्या त्या दुरुस्तीत पुष्कळ नवे दगड बसवले. पूल गुळगुळीत, नवा कोरा दिसू लागला. लोक खूश झाले. लिआंग मात्र नाराज झाले. त्यांनी लिहिले, की जुनी वस्तू दुरुस्त केल्यावर जुनीच दिसली पाहिजे. तिला तरुण करू नये. हे समजावताना ते आपल्याच कवळीचे उदाहरण देत. त्यांचे दात गेले, तेव्हा दाताच्या डॉक्टरांनी पांढरेशुभ्र दात न बसवता जरा पिवळसर, किंचित विरळ दात बसवले. त्यामुळे ते त्यांच्या वयाला शोभले, आणि कवळी आहे हे कुणाच्या ध्यानात आले नाही. म्हाताऱ्याच्या तोंडात मोत्यासारखे दात बसवले, तर लोक दातच बघतात, माणूस बघत नाहीत.

आपल्या गावचे दगड

हे वाचून आम्हाला आपल्याकडची देवळे आठवली. काळ्या दगडाचे देऊळ. पाचसहाशे वर्षांचे. कुणी तरी वर्गणी काढतो, आणि गाभाऱ्यापासून शिखरापर्यंत ऑईलपेंट फासला जातो. पिवळा, गुलाबी, वर चंदेरी. भक्ती खरी असते, त्याबद्दल आमचे म्हणणे नाही. पण दगड श्वास घेतो. त्यात मुरलेला ओलावा बाहेर पडावा लागतो. रंगाचा थर दिला की ओल आतच कोंडते, आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. कोरीव काम बुजते ते वेगळेच. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीला सिमेंट थापले, तरी तसेच होते. चुना मऊ, तो थोडे हलणे सोसतो. सिमेंट ताठ, ते ओल कोंडते आणि शेजारचा दगड फोडते.

पिंपळाचे तर सर्वांना ठाऊक आहे. पक्ष्याच्या विष्ठेतून बी येते, फटीत रुजते. रोप बोटभर असताना काढले तर काही नाही. पिंपळ पवित्र म्हणून ठेवले, तर वीस वर्षांनी त्याची मुळे मनगटाएवढी होतात आणि भिंत उकलतात. मग ते उपटायला जाऊ नये. मुळांबरोबर दगड निघतात. जाणकार माणूस बोलवावा. रोप लहान असताना काढून ते गावच्या पारावर लावावे, म्हणजे पापही लागत नाही.

नदीतली वाळू हा आणखी एक प्रश्न. पुलाच्या जवळची वाळू उपसली की पात्र खोल जाते आणि पुलाचा पाया उघडा पडतो. हे कुणाच्या फायद्याचे आणि कुणाच्या तोट्याचे, ते गावाला माहीत असते. बोलत कुणी नाही.

कायदा काय सांगतो? जुन्या वास्तूंसाठी भारत सरकारचा कायदा १९५८ चा आहे, महाराष्ट्राचा १९६० चा. केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या वास्तूपासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये करायचे तर परवानगी लागते. हा नियम २०१० पासून आणखी कडक झाला. अशा वास्तूची मोडतोड केली, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्हीही. नाव कोरणे हीसुद्धा मोडतोडच.

पण यादीत न आलेल्या वास्तू यादीतल्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. जुने पूल आहेत, बारव आहेत, वीरगळ आहेत, घाट आहेत. त्यांची नोंद व्हावी, म्हणून गावाला अर्ज करता येतो. ग्रामसभेत ठराव करून त्याची नक्कल अर्जाला जोडावी. अर्ज साध्या कागदावर चालतो. तो असा लिहावा :

प्रति,
मा. संचालक,
पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : आमच्या गावच्या जुन्या दगडी पुलाची पाहणी होणेबाबत.

महोदय,
आमच्या ............ गावाजवळ ............ नदीवर जुना दगडी पूल आहे. त्याला ...... कमानी आहेत. त्याच्या ............ बाजूचे दगड निसटले आहेत. फटींत झाडे उगवली आहेत. पुलावरून अजून गाड्या जातात. तरी आपल्या खात्याच्या माणसांनी येऊन पाहणी करावी आणि पूल संरक्षित करावा, ही विनंती. ग्रामसभेचा ठराव सोबत जोडला आहे.

आपले नम्र,
(गावकऱ्यांच्या सह्या)

मोकळ्या जागा स्वतः भरा. कमानी मोजायला नदीवर जाऊन या, अंदाजाने लिहू नका. अर्जाची एक प्रत जिल्हाधिकारी कचेरीत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घ्या. ती प्रत जपून ठेवा. आणि सह्याच करा, अंगठा कुणी उठवू नका.